मच्छरदाणीतली मोटार

मच्छरदाणी मोटारीसाठी हवी आहे, हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. माप तेवढं सांगितलं. मी शिवणकामाची शिक्षिका म्हणून लाखनीला बदलून आले होते, त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता, आणि माझं सामान पुरतं वर चढायच्या आत घरमालक हातात दोरी घेऊन जिन्यात उभे होते. दोरीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"लांबी इथून इथवर," ते म्हणाले. "रुंदी या गाठीपर्यंत. उंची कमीच ठेवजा, बसकी हाय."

त्या मापात खोलीभर माणसं मावली असती. "किती जण झोपतात?" मी विचारलं.

"एकटीच झोपते."

मी घरमालकांच्या खासगी गोष्टींत पडत नाही. मापाबरहुकूम शिवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना वाळूच्या लहान पिशव्या लावल्या आणि सकाळी खाली नेऊन दिली. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला मागच्या अंगणात गोठ्याकडे घेऊन गेल्या. गोठ्यात गव्हाण होती, दाव्याचे खुंटे होते, शेणाचा जुना, गोडसर वास होता. आणि मधोमध, बैलांच्या जागी, नारिंगी रंगाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार बसली होती. 'उभी होती' असं म्हणवत नाही. रवंथ करणारा बैल पाय पोटाखाली घेऊन बसतो तशी ती बसली होती. काकांनी आढ्याच्या खिळ्यांवरून मच्छरदाणी खाली सोडली. पांढऱ्या जाळीआड तो नारिंगी रंग मऊ झाला, धुक्यातून उगवणाऱ्या सूर्यासारखा. बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते. इथे आत मात्र कुणीतरी गाढ झोपलं होतं.

"ताडपत्री का नाही घालत?" मी विचारलं, आणि लक्षात आलं की मी कुजबुजत होते.

"ताडपत्रीत जीव घाबरते तिचा," काका म्हणाले. "मच्छरदानीत हवा लागते."

मी त्यांना अखेरपर्यंत काकाच म्हटलं. आता मी साकोलीला असते. कधी सकाळी धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलेलं दिसलं, की त्या धुक्याच्या आत कुठेतरी एक नारिंगी गाडी निजलेली असेल असं मला वाटून जातं. असल्या वाटण्यांना मी एरवी थारा देत नाही.

ही गाडी लाखनीत आली कशी, याच्या गावात निरनिराळ्या कथा होत्या. खरी गोष्ट साधी होती. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या मुलानं ती हौसेनं घेतली, तो परदेशी गेला, आणि काका कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला गेले असताना त्या डॉक्टरांच्या अंगणात त्यांना ती दिसली. धूळ खात, कडुनिंबाखाली. "मान खाली घालून उभी होती," ते सांगत. "कोनी चारापानी नाई केलं तिले." ते लग्न जेवले नाहीत. गाडी घेऊनच आले.

आता अशी गाडी जमिनीपासून चार बोटं वर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता, आणि तो बांधणाऱ्यानं रणगाडे अडवायच्या इराद्यानं बांधला असावा. काकांनी त्यासाठी सागाच्या दोन लांब फळ्या करून घेतल्या होत्या. गाडी निघायची असली, की कुणीतरी पुढे जाऊन त्या फळ्या गतिरोधकावर मांडायच्या, गाडी तिरपी तिरपी वर चढायची, पोट सावरत उतरायची, आणि मग फळ्या उचलून आणायच्या. हे काम आधी काकू करत. मी आल्यावर ते माझ्याकडे आलं; कधी आलं ते कळलंही नाही.

गाडीचा हॉर्न ते वाजवत नसत. "बैलाले हारन कुठं असते?" काच खाली करून, मान बाहेर काढून ओरडत, "हो हो हो हो! बाजूले गा!" हायवेवरचे ट्रकवाले चहाचा ग्लास हातात धरून हसायचे. काकांना त्याचं काहीही वाटत नसे. ते तरुणपणी शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. बैलांच्या शर्यतीत छकड्यावर उभं राहून, कासरा हातात धरून जोडी पळवायची. पाहणारे हसोत की ओरडोत, धुरकऱ्याला पुढचा झेंडा तेवढा दिसतो. मधली काही वर्षं पट बंद झाले. जोडी म्हातारी झाली, गेली. पट पुन्हा सुरू झाले तोवर काकांचे गुडघे गेले होते. मग ही आली.

त्यांच्या बोलण्यातली एक खोड मला सुरुवातीला फार महागात पडली. ते स्वतःला 'मी' म्हणत नसत. 'आपुन' म्हणत. "आपल्याले चहा लागते." "आपुन सकाळीच उठलो." मी राहायला आले त्या आठवड्यात काका मला सांगून गेले, "म्याडम, आपुन उद्या साकोलीले जाऊन राहिलो." 'जाऊन राहिलो' म्हणजे जातो आहोत, आणि मला साकोलीच्या बाजारातून दोऱ्याची रिळं आणायचीच होती. मी लवकर आवरलं, पोळी-भाजी बांधून घेतली, पर्स घेऊन ओट्यावर येऊन बसले. गाडी गोठ्यातून निघाली. मी उठले, फळ्या मांडल्या. गाडी तिरपी चढली, उतरली, काकांनी काचेतून हात हलवला आणि ती गेली. मी फळ्यांशेजारी पर्स घेऊन उभी.

काकू दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बसा बाई," त्या म्हणाल्या. "मले पन लग्न झाल्यावर साल लागलं समजाले. त्यायचं 'आपुन' एकट्यायचंच रायते."

काकू स्वतः त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. "जमिनीवर बसूनच जायाचं, तं घरी काय वाईट हाय?" असं त्यांचं म्हणणं. तरी गाडीचं सगळं त्यांना माहीत होतं. कोणता पाना कोणत्या कोनाड्यात, कोणत्या डब्यात स्क्रू. काकांचा हात मागे यायचा आणि त्यात न सांगता हवी ती वस्तू पडायची. वर्षानुवर्षं ताटात भाकर पडते तशी.

माणसांची पारख काका इंजिनावरून करत. लग्नाच्या मांडवात माझ्या शेजारी बसून हळूच म्हणायचे, "तो पाहा नवरदेवाचा मामा. चार सिलिंडरचा मानूस हाय, पन तिनावरच चालून राहिला." जो ऐकतोय असं दाखवतो पण ऐकत नाही, तो 'मिस मारते'. जो ऊठसूट रागावतो त्याला 'थंडा होऊ द्या, मंग पाना लावा'. माझ्याबद्दल त्यांनी काकूंना सांगितलेलं मला नंतर कळलं: "म्याडम चारही पलगावर चालतात. आवाज लय करतात, पन चालतात." मी ते कौतुक समजते.

पलग म्हणजे स्पार्क प्लग. मला तो शिकवला त्यांनीच. ते शिकवणं त्यांच्या इतर सगळ्यासारखंच बैलातून जात असे. "म्याडम, इंजनात चार बैल. एकेकाच्या डोक्यावर एक पलग. तो ठिनगी देते. तुतारीची, म्हंजे बैल हाकाच्या काठीची, आर समजा, टोचली का बैल उडते. अन् पलगाच्या डोक्यावर कॉइल. बॅटरीत जोर किती? मुंगीएवढा. कॉइल त्याचा करते हत्तीएवढा. सारं वजन कॉइलच्या खांद्यावर."

इंजिन गार असतानाच हात लावायचा. वरचं झाकण काढायचं. कॉइलच्या वायरीचा जोड असतो, त्याची कानाच्या पाळीएवढी पट्टी दाबली की तो सुटतो. ओढला तर तुटतो. मग एक स्क्रू. मग कॉइल किंचित पिळून वर उचलायची. खाली तिला रबराचं लांब नळकांडं असतं, ते 'पक्' असा आवाज करून सुटतं. आत खोल विहीर, तळाशी प्लग. विहिरीत आधी सायकलच्या पंपानं हवा मारायची, नाहीतर प्लग काढल्यावर कचरा सरळ इंजिनाच्या पोटात. प्लग उतरवायला आणि काढायला लांब दांड्याचा गोटी पाना. हे सगळं कुणालाही जमेल. खरी गोम नवा प्लग बसवण्यात.

"पान्यानं नाई," ते म्हणत. "बोटानं. दांडा नुसता बोटाच्या टोकात धरा. आधी उलटा फिरवा. फिरवत राहा, फिरवत राहा, एका जागी तो 'टक' करून खाली बसते. तिथं त्याचा आटा त्याले सापडला. मंग सुलटा. जुवाखाली बैलाले ढकलता का तुमी? जू उचलून धरा, तो आपल्या मनानं मान टाकते. वाकडा घुसवला, तं डोकं गेलं इंजनचं. अॅल्युमिनियम हाय. नरम असते."

गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, की या प्लगना वर्षानुवर्षं हात लावायची गरज नाही. मी ते वाचून दाखवलं. काका म्हणाले, "पुस्तक लिहिनाऱ्याकडं पोळा नसन."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ज्या खांद्यावर बसलं, तिथे ऊन पाण्यात बुडवलेली पळसाची पानं फिरवायची, मग तूप-हळद चोळायची, आणि बैलाला आमंत्रण द्यायचं: "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यातून हे शब्द ऐकू येतात. पाऊस उघडलेला असतो, रोवणी कधीच आटोपलेली असते, गावाबाहेर हिरवं इतकं दाटलेलं असतं की उजेडही हिरवट होतो. काका त्याच वेळी मच्छरदाणी वर करायचे, चारही प्लग काढून पुसायचे, परत बसवायचे. मग बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या पानानं तूप-हळदीचं बोट लावायचे, गाडीच्या नाकाशी वाकून आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे बैल तोरणाखाली जात. गाडी तिथे नेत नसत. "तिथं बैलाचा मान." ते तिला तलावाच्या पाळीवर नेत, इंजिन बंद करत आणि पाण्यावरून पोळ्याचे ढोल ऐकत बसत. एकटेच.

त्यांचे हात कापायला लागले ते मी आधी बशीत पाहिलं. बशीतला चहा उथळ तळ्यासारखा थरथरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. त्यांची मुलगी, मी तिला ताई म्हणते, नागपूरहून आली. समंजस मुलगी आहे. तिनं जेवताना शांतपणे गाडीचा विषय काढला: बाबा, आता गाडी देऊन टाकू. माझं मतही तेच होतं, आणि मी ते सांगितलंही.

काकांनी घास ताटात ठेवला. "आयका," ते म्हणाले. "ज्या दिवशी आपल्यानं पलग बदलवून नाई होनार, त्या दिवशी न्या तिले. धुरकऱ्यानं जोडी आपल्या हातानं जुंपावी. नाई जुंपता आली, तं दावं सोडून द्यावं. पन तोवर नाव काढाचं नाई."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही हा करार रास्त वाटला. काकू भाकरी वाढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

त्या वर्षीचा पोळा झाला, आणि थोड्याच दिवसांत गाडी मिस मारू लागली. आधी थोडी, मग जास्त. एक बैल लंगडावा तशी दचके देत चालायची. काकांना गाडीतला लंगडा ऐकू येत होता पण सापडत नव्हता. दर वेळी हात घातला, की हात थरथरून बाहेर यायचा. वर्षभर ती मच्छरदाणीतच पडून राहिली. काका संध्याकाळी गव्हाणीच्या काठावर बसायचे, जाळीतून तिच्याकडे बघत. मी वरून पाहायची. दोघंही एकाच स्वप्नात अडकल्यासारखे दिसायचे, म्हातारा माणूस आणि ती नारिंगी आकृती, आणि मधे मी शिवलेली जाळी.

शेवटी भंडाऱ्याहून आलेल्या एका मेकॅनिकला त्यांनी गाडीचा नुसता आवाज ऐकवला, हात लावू दिला नाही. तो म्हणाला, कॉइल गेली असावी. चारही नव्या टाका, प्लगही नवे टाका. पार्सल आलं. काकांनी ते उघडलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवसाची वाट पाहत ते गव्हाणीत ठेवून दिलं. ताईही आली. तिनं नागपूरचं एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तो येणार होता. तिनं बाबांपासून लपवलं नाही. "करार तुमचाच हाय, बाबा," ती म्हणाली. "जमलं, तं त्याले नको म्हनते. नाई जमलं, तं..."

"तं नेते तो," काका म्हणाले. "शब्द हाय आपला."

तर त्या संध्याकाळी गोठ्यात आम्ही चौघं. गल्लीतून तूप-हळदीचा वास येत होता. शेजारच्या गोठ्यात कुणी बैलाला लाडानं शिव्या देत होतं. मी टॉर्च धरला होता आणि सायकलचा पंप माझ्याकडे होता. ताई गव्हाणीवर बसली होती. काकू नेहमीच्या जागी, काकांच्या उजव्या हाताला, पान्यांचा डबा घेऊन.

पहिली कॉइल निघाली. पहिला प्लग निघाला, नवा बसला. काकांनी दांड्याला बोटं लावली, की दांडाच कापायचा. ते थांबायचे, डोळे मिटायचे, कापरं ओसरायची वाट पाहायचे, आणि त्या मधल्या शांततेत दोन वेढे फिरवायचे. पाण्यावरच्या लाटा मोजून होडी ढकलावी तसं. दुसरा बसला. तिसऱ्याला बाहेर दिवेलागण झाली. ताईसुद्धा श्वास रोखून होती, आणि ती खरं तर दुसऱ्या पक्षाची.

चौथी कॉइल उचलली आणि मी टॉर्च जवळ नेला. रबराच्या नळकांड्यात काळपट, चिकट काहीतरी भरलेलं होतं. त्यात पिवळी झाक. आणि मुंग्या. मेलेल्या, भाजलेल्या, कितीतरी मुंग्या.

मी बोट लावून वास घेतला. मी शिवण शिकवते, पण स्वयंपाकही करते. "हे तूप आहे," मी म्हटलं. "तूप आणि हळद."

काका नळकांड्याजवळ वाकले. मग सावकाश वळून त्यांनी काकूंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

"काय पायता?" काकू म्हणाल्या. "मागच्या पोळ्याले मीनंच लावलं. तुमचा हात लय कापत होता. तुमीच म्हनले, खांद्याले लाव."

"खांद्याले! खांदा म्हंजे हे बॉनेट व, बाहेरून!"

"मले का मालूम? मी इचारलं, खांदा कोनता. तुमी म्हनले, वजन पडते तो. अन् सालभर तुमी म्याडमले सांगून राहिले, सारं वजन कॉइलच्या खांद्यावर, सारं वजन कॉइलच्या खांद्यावर. मंग मी कॉइल उचलली, चांगलं भरून लावलं. घरचं तूप होतं. डालडा नाई लावला."

"एकालेच काहून लावलं मंग?" ताईनं विचारलं.

"वाटी सरली."

सगळ्यांत आधी काका हसले. गव्हाणीला धरून, गुडघ्यावर हात मारून. वर्षभर मिस मारणारा बैल लंगडा नव्हता; त्याला पाहुणचार जास्त झाला होता. मुंग्यांना वर्षभराचं जेवण मिळालं होतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तशाच हसऱ्या तोंडानं त्यांनी चौथा जुना प्लग काढला, पंपानं मी विहीर फुंकली, आणि त्यांनी नवा प्लग खाली सोडला.

हा चौथा मागच्या भिंतीला अगदी खेटून होता. हात वाकडा घालावा लागत होता. काकांनी उलटं फिरवलं. पुन्हा उलटं. 'टक' झालंही असेल, पण त्यांच्या बोटांना ते कळलं नाही. बोटंच टकटक करत होती. सुलटं फिरवलं आणि दांडा कच्चकन अडला. त्यांनी तो ताबडतोब मागे घेतला. वाकडा धरला होता. पुन्हा केलं. पुन्हा अडला. तिसऱ्यांदा त्यांनी दांडा विहिरीत तसाच सोडला आणि हात बाहेर काढून धोतराला पुसला.

"झालं," ते म्हणाले.

"बाबा, एकच राहिला," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "म्याडम बसवतील ना."

मी टॉर्च खाली ठेवून हात पुढे केला होताच. मला येत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

"म्याडमनं बसवला, तं तो म्याडमनं बसवला," काका म्हणाले. रागावले नव्हते. "आपल्यानं नाई झालं. शब्द म्हंजे शब्द. त्या गिऱ्हाईकाले सांग, ये म्हना." मग त्यांनी गाडीच्या नारिंगी पाठीवर हात ठेवला, आणि हात कापत होता म्हणून ती थोपटल्यासारखी वाटली.

जे व्हायला हवं असं मला वर्षभर वाटत होतं, ते झालं होतं. मला अजिबात बरं वाटलं नाही. ताईनं फोन हातात घेतला, पण लावला नाही.

काकूंनी पान्यांचा डबा खाली ठेवला. पदरानं हात पुसले. "सरका," त्या म्हणाल्या.

"तू काय करतेस व?"

"सरका तं खरं."

त्या वाकल्या, हात त्या भिंतीआडून आत घातला. चेहरा वर आढ्याकडे, डोळे मिटलेले. गाईच्या कासेला हात लावताना बायका अशाच कुठेतरी दुसरीकडे बघतात. दांडा उलटा फिरू लागला. हळू, हळू. लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट बसत नसलं, की आपण आधी उलटं फिरवतो ना, तसं. शेजारच्या गोठ्यात "आज आवतन घे" सुरू झालं होतं. आणि त्या आवाजाखालून, अगदी बारीक, मीसुद्धा ऐकलं: टक.

काकूंनी सुलटं फिरवलं. दांडा लोण्यात गेल्यासारखा गेला. बोटानं फिरेनासा झाला तेव्हा त्यांनी पाना लावून जेवढा पाहिजे तेवढाच आवळला आणि हात बाहेर काढला.

"बसला," त्या म्हणाल्या.

काकांनी दांड्याला बोट लावून पाहिलं. मग मान हलवली. "बसवला तू चांगला. पन शब्द आपला हाय. आपल्यानं नाई—"

"काय म्हनले होते तुमी त्या दिवशी?" काकूंनी त्यांना मधेच तोडलं. "'आपल्यानं पलग बदलवून नाई होनार, तं न्या.' असंच ना? का 'माझ्यानं' म्हनले होते? म्याडम, तुमी होते जेवाले. सांगा."

मला साक्षीदार व्हायला आवडत नाही. पण खोटं बोलायलाही आवडत नाही. "'आपल्यानं' म्हणाले होते," मी म्हटलं.

"मंग? मी आपल्यातली नाई का? का पाहुनी हाओ मी या घरात?"

"अवो, आपुन म्हंजे मी!" काका कळवळून म्हणाले.

"आजवर होतं तसं," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्साचं 'आपुन' तुमी एकट्यानंच खाल्लं. आज माझा हिस्सा काढा."

ताई गव्हाणीवरून उतरली आणि फोन कानाला लावून अंगणात गेली. बाहेरून तिचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "नाई भाऊ... नाई, येऊ नका. बाबांचा नकार नाई... हो, पन ती आईची बी हाय ना गाडी. आमाले मालूम नव्हतं."

चौथी कॉइल काकांनी स्वतः बसवली. तिला आट्याचं काम नसतं. रबराच्या आत तूप नाही याची मी टॉर्चनं खात्री केली. किल्ली फिरवली तेव्हा इंजिन एकदा खोकलं, आणि मग चारही एका चालीत लागले. आवाज मोठा नव्हता. दूरच्या ट्रकचा होता त्याहून कमी. पण गव्हाणीची फळी त्यानं बारीक थरथरू लागली, मच्छरदाणीची गोळा केलेली जाळी थरथरू लागली, आणि त्या सगळ्या थरथरीत काकांचा हात वेगळा ओळखू येईना.

मग त्यांनी पळसाचं पान तूप-हळदीत बुडवलं, काकूंच्या हातात दिलं, आणि त्यांचं मनगट धरून बॉनेटवर नेलं. "खांदा इथं," ते म्हणाले. "झाकनाच्या वर. समजलं का?" आणि दोघं वाकून त्या गाडीच्या नाकाशी काय ते कुजबुजले.

दुसऱ्या दिवशी तोरण तुटलं, पोळा फुटला. उन्हं कलली तेव्हा ताईच्या अटी ठरल्या होत्या: तलावाच्या पाळीपर्यंत, सावकाश, उजेडातच, हायवे नाही. काकू नवं लुगडं नेसून आल्या. गाडीत बसायला त्यांना बराच वेळ लागला. आधी त्या खूप खाली बसल्या, मग आणखी खाली, मग दिसेनाशाच झाल्या. आतून आवाज आला, "अरे देवा, हे तं पाटाहून बी खाली हाय." गिअरच्या दांड्यावर काकांचा हात होता आणि त्या हातावर काकूंचा. मी बघितलेलं काकूंच्या लक्षात आलं. "हात हालते तं दांडा खडखड करते," त्यांनी सांगितलं.

मी पुढे जाऊन गतिरोधकावर फळ्या मांडल्या. गाडी तिरपी चढली, पोट सावरून उतरली, माझ्यापाशी थांबली. काकांनी काच खाली केली.

"म्याडम, आपुन तलावाच्या पाळीवर जाऊन राहिलो."

मी पर्स आणायला गेले नाही. फळ्या मात्र तशाच राहू दिल्या.